समुद्राला खत

तुम्ही कधी एखादी चूक, अगदी मनापासून, दारोदार जाऊन वाटली आहे का? मी वाटली आहे. हजार प्रती, गुलाबी कागद, एका बाजूला छापलेला. शब्द माझे, मथळा माझा, शेवटची दोन उद्गारचिन्हंही माझीच. तेव्हा मी बारावीत होते आणि जगातली कुठलीही गोष्ट एका पानात सांगता येते, असा माझा ठाम विश्वास होता. तो अजून पूर्ण गेलेला नाही. फक्त आता मी पानाची मागची बाजू दुरुस्तीसाठी कोरी ठेवते.

आमचं घर चिंचवडजवळच्या थेरगावात, डांगे चौकातला बाजार ओलांडून आत वळलं की आबांच्या तीन मजली इमारतीत. आबा म्हणजे घरमालक. इमारत उभी आहे तिथे पूर्वी त्यांचा ऊस होता, आणि कुठल्या खोलीखाली कुठला बांध गेलाय ते त्यांना अजून पाठ होतं. तळमजल्यावर अब्बांचा छापखाना, पहिल्या मजल्यावर आम्ही. छापखान्यात संगणक होता, नवं मशीन होतं, पण अब्बांचा जीव होता कोपऱ्यातल्या जुन्या ट्रेडलमध्ये, पायाने चालवायच्या छपाईयंत्रात. ते सुरू झालं की खटाक-धप, खटाक-धप असा ताल घुमायचा आणि वर अम्मीच्या फळीवरचे स्टीलचे पेले त्याच तालात किणकिणायचे. पेले गप्प झाले की अम्मी म्हणायची, "चलो, आते अब खाने को." घरात आमची भाषा मिसळीची होती. अम्मी दखनीत रागवायची, अब्बा मराठीत समजवायचे आणि मी दोन्हींत उलट बोलायचे.

लग्नपत्रिकांवर घर चालायचं, पण अब्बा जगायचे पत्रकांवर. गेट मीटिंगचं पत्रक, पाण्याच्या टाकीसाठीच्या मोर्चाचं पत्रक, कामावरून काढलेल्यांच्या उपोषणाचं पत्रक. मी अक्षरं ओळखायला शिकले तीच 'जाहीर' या शब्दावरून: जाहीर सभा, जाहीर निषेध, जाहीर आवाहन. इतर मुलं परीकथा ऐकत झोपायची, मी 'बंधू-भगिनींनो' ऐकत झोपायचे. आणि त्या छापखान्याचा एक नियम होता. पत्रकात चूक गेली तर शुद्धिपत्र निघणार, जेवढी पत्रकं तेवढंच, आणि त्याच दारांत जाऊन द्यायचं. "चूक मोठ्या टायपात गेली ना? मग माफी बारीक टायपात कशाला?" अब्बा म्हणायचे. त्यामुळे आसपासच्या शेडांमधल्या कामगारांत एक समज पक्का होता की युनूसभाईंच्या छापखान्यातून निघालेलं पत्रक खोटं नसतं. आमच्याकडे श्रीमंती एवढीच होती.

अम्मी चाकणला जायची, कंपनीच्या बसने. वायरिंग हार्नेसच्या लाईनवर ती उभी असायची. हार्नेस म्हणजे गाडीच्या पोटातून नसांसारखा फिरणारा वायरींचा जुडगा. तिच्या बोटांची टोकं टेपच्या डिंकाने कायम चिकट असायची आणि तिच्या तोंडी एक शब्द कायम असायचा: शॉर्टेज. वरणात कोथिंबीर नसली तरी "आज कोथमीर का शॉर्टेज है", आणि मी वेळेवर उठले नाही तर "इस लडकी में अकल का शॉर्टेज है".

गच्चीला लागून एक खोली होती. तिथे देवयानीताई राहायला आली आणि आमच्या घरात समुद्र शिरला. ताई चाकणच्याच एका कारखान्यात सांडपाण्याच्या प्रयोगशाळेत होती, पण त्याआधी काही महिने ती समुद्राचं पाणी तपासणाऱ्या जहाजावर राहिली होती. तिच्याकडे स्वतःचा सूक्ष्मदर्शक होता, जुना, एक स्क्रू ढिला झालेला. एका रविवारी अम्मीने सुकट परतायला घेतली. कांदा, लसूण, लाल तिखट, वरून आमसूल. त्या वासावर दुसऱ्या मजल्यावरून आबा एक जिना उतरून आले आणि गच्चीवरून ताई दोन जिने उतरून आली. आम्ही सगळे चटईवर. ताईने भाकरीवरचा एक जवळा बोटाच्या टोकावर घेतला. जवळा म्हणजे नखाएवढी कोळंबी. वाळवली की तिचीच सुकट होते.

"आबा, हा काय खातो माहितीये?"

"आमाला काय म्हाईत? आमी त्याला खातो," आबा म्हणाले.

ताई उठून वर गेली आणि सूक्ष्मदर्शक आणि जहाजावर बनवलेली समुद्राच्या पाण्याची एक काचपट्टी घेऊनच खाली आली. अम्मीने जेवणाच्या मध्येच हात धुवायला लावले म्हणून कुरकुरत मी नळीला डोळा लावला, आणि कुरकुर तिथेच संपली. काचेचे डबे होते! गोल, होडीसारखे, त्रिकोणी. त्यांच्यावर कोणी तरी सुईने रांगोळी टोचावी तशी नक्षी होती. आणि आत सोनेरी-हिरवा ऐवज. ताई म्हणाली, ही समुद्रातली तरंगती वनस्पती. हिला मूळ नाही, खोड नाही, पान नाही. एकच पेशी. समुद्रातलं जवळजवळ सगळं जेवण इथून सुरू होतं. हिला बारीक कीटकांसारखे जीव खातात, त्यांना जवळा खातो, जवळ्याला बांगडा खातो. "आणि बांगड्याला युनूसभाई खातात," असं म्हणून ती हसली.

मी आज हे लिहिते आहे तेव्हाही त्या पहिल्या नजरेची आठवण आली की मान आपोआप पुढे झुकते. काय सांगू! ती पेशी उन्हाच्या जोरावर पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवते. पण नुसत्या साखरेचं शरीर होत नाही. प्रथिनांसाठी नायट्रोजन हवा. पेशीच्या आवरणासाठी आणि पिढीजात माहितीच्या धाग्यासाठी फॉस्फरस हवा. ज्यांची काचेची घरं असतात त्यांना वाळूतलं सिलिका हवं. एवढं सगळं पाण्यातून गोळा झालं की पेशी फुगते आणि दुभंगते. आज एक, उद्या दोन, परवा चार. शेत नाही, नांगर नाही, नुसतं ऊन आणि खारट पाणी, आणि त्यातून कोट्यवधी जीवांचं वजन उभं राहतं. ताईने प्रमाणही सांगितलं: फॉस्फरसचा एक अणू असला, तर नायट्रोजनचे साधारण सोळा आणि कार्बनचे शंभरावर सहा.

"सोला वायरी, एक कनेक्टर," अम्मी चटकन म्हणाली. आम्ही सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने भाकरीचा तुकडा हवेत धरला होता. "आमच्याकडं असंच असतंय. सोला वायरी आल्या, कनेक्टर नाही आला, तर हार्नेस बनतंय का? नाही बनत. मग वायरीचा ढीग लावा, नाही तर पंधरा सुपरवायजर आणा. लाईन बंद. जो पार्ट शॉर्टेज, तोच लाईनचा मालिक."

"अगदी हेच," ताई म्हणाली. पुस्तकात या एका वाक्याला तीन पानं लागली होती, असंही म्हणाली. अम्मी लाजली आणि तिने ताईच्या ताटात आणखी सुकट वाढली.

आबांना मात्र वेगळीच शंका. "मंग समिंद्रात युरिया टाकतंय कोन?"

"कोणी नाही. वरचे जीव मरून खाली पडतात, जिवाणू ते कुजवतात आणि खत पुन्हा पाण्यात मोकळं होतं. पण ते खाली अंधारात, आणि ऊन वर. काही ठिकाणी वारे वरचं पाणी बाजूला लोटतात, मग खालचं वर येतं आणि समुद्र हिरवा होतो."

"म्हंजे उकिरडा खाली आन वावर वर," आबा म्हणाले. "देवानं उलटंच केलं की, राव."

मग ताईने ते वाक्य उच्चारलं ज्याने माझी झोप उडाली. निळाशार समुद्र बघून आपण वा म्हणतो ना, तो निळा असतो कारण तो उपाशी असतो. त्यात वनस्पती फारच थोडी असते. आणि दूर दक्षिणेला, बर्फाच्या खंडाभोवती, असं पाणी आहे जिथे नायट्रोजन मुबलक, फॉस्फरस मुबलक, तरीही पीक जेमतेम. का? तिथे लोखंडाचं शॉर्टेज आहे. पेशीला लोखंड लागतं अगदी कणभर, पण त्या कणाशिवाय ऊन पकडणारी तिची यंत्रणा नीट चालत नाही. लोखंड येतं जमिनीवरून, वाऱ्यावरच्या धुळीतून, आणि तिथे धूळ फारशी पोहोचतच नाही.

लोखंड! मी खिडकीतून बाहेर बघितलं. समोर लोखंड कातणाऱ्या लेथच्या शेडांची रांग. प्रत्येक दारात लोखंडाच्या किसाची पोती. आमच्या चपलांना लोखंड रुतायचं, आमच्या पावसाळी डबक्यांना गंज चढायचा, आणि तिकडे अख्खा समुद्र चिमूटभर लोखंडावाचून ताटकळला होता? हा अन्याय मला सहन होईना. ताई दुसऱ्या दिवशी आठवडाभरासाठी गावी गेली. मी थांबले नाही. 'जाहीर' शब्दावर वाढलेली मुलगी थांबते कशाला? मी एका बैठकीत लिहिलं:

"समुद्राला खत! बंधू-भगिनींनो, निळा समुद्र म्हणजे उपाशी समुद्र. आपल्या लेथखाली रोज जो कीस पडतो, त्याच्या कणाकणासाठी तिकडे कोट्यवधी जीव आसुसले आहेत. आपली पवना अखेर समुद्रालाच मिळते. लोखंडनगरीच्या कामगारांनो, तुम्ही समुद्राचे अन्नदाते आहात!!"

अम्मीने कच्चा खर्डा हातात घेतला आणि मथळ्यावरच अडली. "समुंदर को ख़त? लिफाफे में डाली क्या?" तिच्या कानाला खत म्हणजे चिठ्ठी. आम्ही पोट धरून हसलो. अब्बांनी चष्मा लावून प्रूफ वाचलं, 'समुद्र'चा उकार नीट केला, 'आसुसले'चा तपासला आणि ट्रेडलला पाय लावला. अब्बांनी शुद्धलेखन तपासलं. समुद्र कोणी तपासला नाही.

दोन दिवस मी शेडाशेडांतून फिरले. कॉलेज सुटलं की पिशवी खांद्याला, आणि प्रत्येक दारात पत्रक. लोक हात पुसून घ्यायचे, वाचायचे, माझ्याकडे आदराने बघायचे. एका शेडमधले बाळूभाऊ, मूळचे बीडकडचे, लेथवर आयुष्य गेलेले, त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि शेवटच्या ओळीला त्यांचा आवाज भरून आला. "अन्नदाते म्हणलंय बघा आपल्याला. हितं जेवायच्या सुट्टीत हात धुवायला साबण देईना कुणी, आन हे लेकरू अन्नदाते म्हणू लागलंय." मी हवेत चालत घरी आले.

तिसऱ्या दिवशी दुपारी पवनेच्या घाटावरून जात होते. घाटाच्या पायऱ्यांशी तीनचाकी टेम्पो उभा होता आणि बाळूभाऊंसह सात-आठ जण कपाळाला कुंकू लावून उभे होते. पायरीवर नारळ फोडलेला. खोबऱ्याचे तुकडे पत्रकावरच ठेवलेले, माझ्या गुलाबी पत्रकावर.

"या ताई, या! येळंवर आलात की ओ," बाळूभाऊ ओरडले. "चार पोती सोडली समद्यांनी मिळून. पाचवं तुमच्या हातानं सोडायचं."

वर्षभराचा तो कीस विकून त्यांची मटणाची पार्टी व्हायची. या वर्षी त्यांनी पार्टी समुद्राला दिली होती. मी पाण्याकडे पाहिलं. किसाला लागलेलं कापकामाचं तेल वर आलं होतं. पवनेच्या पाण्यावर जांभळा-हिरवा-सोनेरी तवंग पसरत पसरत पलीकडे चिंचवडच्या दिशेने निघाला होता. तो दिसायला सुंदर होता. 

"हे... थांबा," मी म्हणाले. "हे असं नाही टाकायचं."

"मग कसं? दूध सोडतात तसं हळूहळू?" एकाने अगदी खरंच विचारलं.

 मी पळाले. हे लिहायला मला अजून जड जातं, पण आत्मकथनात पळणं लपवायचं असेल तर ते लिहायचंच कशाला? मी पळाले आणि छापखान्यात जाऊन अब्बांवरच ओरडले, "नदीत टाका असं मी कुठंच लिहिलेलं नाही! दाखवा, एक तरी शब्द दाखवा!"

अब्बांनी मशीन थांबवलं. वरचे पेले गप्प झाले. "नाही लिहिलंस," ते म्हणाले. "पण वाचलं गेलं तसंच. पत्रक लिहिणाऱ्याची जबाबदारी कुठली, बेटा? लिहिलेल्याची की वाचलेल्याची?"

संध्याकाळी चटईवर पुन्हा सगळे जमले. त्याच दिवशी परतलेली ताई, आबा, शिफ्टवरून आलेली अम्मी. त्या दिवशी सुकट नव्हती, नुसती खिचडी, आणि तीही कोणी नीट खाल्ली नाही. ताईने पत्रक दोनदा वाचलं. ती रागावली नाही, त्यामुळे जास्त लागलं. ती म्हणाली, शॉर्टेज आहे ते दूर दक्षिणेला. आपल्या नदीत लोखंडाची वाण नाहीच, उलट घराघरांतल्या सांडपाण्याने नायट्रोजन-फॉस्फरसच उतू चाललाय. आणि पेशीला लागतं विरघळलेलं लोखंड, तेलात बुडालेला कीस नाही. मुद्दाम लोखंड टाकून समुद्र पिकवायचा विचार मोठमोठ्यांनी करून पाहिलाय. पीक येतंही, पण त्याचे पुढचे परिणाम काय, यावर अजून भांडणं चालली आहेत. एवढं पीक कुजायला लागलं तर ते पाण्यातला प्राणवायू खातं.

"पर मैं क्या बोली थी?" अम्मीने हात पुसत विचारलं. "जो पार्ट शॉर्टेज, वो मालिक. पर कौनसे लाईनपर? एकदा क्लिप कमी पडल्या आमच्या लाईनला, आणि स्टोअरवाल्यानं खोके शेजारच्या लाईनवर नेऊन रचले. आमची लाईन बंद ती बंदच, आणि त्यांना चालायला जागा नाही. तू तेच केलीस. स्टोअरवाला झालीस."

"आन एक," आबा पहिल्यांदाच गंभीर झाले होते. "पवना समिंद्राला मिळती व्हय, पन कोकनात न्हाई जात पोरी. हितनं पिंपळे गुरव, दापोडीला मुळेत, मंग भीमेत, मंग उजनी. थितं धरणात अडतंय समदं. त्याच्या म्होरं किस्ना, आन मंग पार तिकडं, पूर्वेचा समिंद्र. आमचं म्हातारं मेलं तवा राख सोडताना भटजीनं समदा रस्ता सांगितल्याला." मला नदीचा रस्ता माहीत नव्हता. माझ्या घराजवळून वाहणाऱ्या नदीचा. मी दक्षिणेकडच्या समुद्राला खत घालायला निघाले होते.

शुद्धिपत्र मी त्याच बैठकीत लिहिलं. ताईने प्रत्येक ओळ तपासली. पण ते छापायच्या आधी बाळूभाऊंसमोर जायला हवं होतं, आणि ते मला छपाईपेक्षा अवघड होतं. सकाळी शेड उघडायच्या वेळी बाळूभाऊंच्या दारात उभी राहिले आणि सगळं एका दमात सांगितलं. बाळूभाऊंनी हातातलं कुलूप खाली ठेवलं. मग म्हणाले, "ताई, आमी तर नारळ बी फोडला की ओ."

मागून कोणी तरी हसलं. "अन्नदाते! चला, कामाला लागा अन्नदाते!" दुसरा म्हणाला, "पार्टी गेली पाण्यात." मला वाटलं, आता जमीन पोटात घेईल तर बरं. पण बाळूभाऊ आत गेले आणि हातात एक जाडजूड चकती घेऊन आले. लेथभोवती सांडलेला कीस उचलायचा लोहचुंबक. त्याला त्यांनी दोरी बांधली. "लोखंडच हाय ना? मंग येतंय की परत. काम येतंय आपल्याला."

ती सकाळ माझ्या आयुष्यातल्या सर्वांत आनंदी सकाळींपैकी एक आहे, हे सांगितलं तर अजूनही कोणाला पटत नाही. पायऱ्यांजवळ पाणी गुडघाभर होतं आणि पोती तिथेच उलटी केलेली. बाळूभाऊंनी चुंबक सोडला, ओढला, आणि पाण्यातून काळ्याकुट्ट लोखंडाची दाढी वर आली! टपटप गळणारी, साळिंदरासारखी उभी राहिलेली. सगळे ओरडले. दुसऱ्या शेडमधून दुसरा चुंबक आला, तिसरीतून तिसरा. आबा पायरीवर बसून "डावीकडं रं, डावीकडं" करत होते. दोन पोती आणि वर थोडा एवढा कीस निघाला. तेल मात्र गेलं होतं. तेलाला चुंबक लागत नाही. तवंगाचा एक तुकडा पुलाखालून जाताना मी पाहत राहिले, आणि उजनीपर्यंतचा प्रत्येक टप्पा मनात म्हणत राहिले.

मग शुद्धिपत्र. हजार प्रती, तोच गुलाबी कागद, तोच टाइप. मथळा अम्मीने सुचवला: 'समुद्राला दुसरं खत'. "या वेळेला चिठ्ठीच समजा," ती म्हणाली. सगळी दारं आठवत नव्हती. बाळूभाऊ जेवणाच्या सुट्टीत माझ्याबरोबर फिरले आणि ज्या दारात मी अडखळायचे तिथे पुढे होऊन म्हणायचे, "घ्या, ताईची चुकी आलीया, वाचून घ्या." काहींनी टोमणे मारले, काहींनी न वाचता त्यालाच हात पुसले. एका म्हाताऱ्या टर्नरने मात्र दोन्ही पत्रकं शेजारी शेजारी भिंतीला चिकटवली आणि म्हणाला, "आता पत्रक पुरं झालं."

आज त्या शेडांच्या जागी सोसायटी आहे आणि अब्बांचं ट्रेडल गंजून गप्प आहे. सूक्ष्मदर्शक ताईने मला दिला, त्याचा स्क्रू अजून ढिलाच आहे. आता पत्रकं फोनवरून फिरतात. हजार प्रतींना दोन दिवस लागत नाहीत, एक बोट पुरतं. दारं मात्र आपल्याला एकही आठवत नाही.

म्हणून या प्रकरणानंतरचं पान मी मुद्दाम कोरं सोडलं आहे. ते माझं नाही, तुमचं आहे. तुम्ही तळमळीने पुढे पाठवलेली आणि नंतर खोटी निघालेली एक गोष्ट त्यावर लिहा, फक्त एक. तिच्याखाली ज्यांना ती पाठवली त्यांची नावं लिहा. आणि मग, पुस्तक पुढे वाचायच्या आधी, त्याच लोकांना, त्याच टायपात, तिचं शुद्धिपत्र पाठवा. लोखंड जितकं निघेल तितकं काढा.